ड्रिंक्स पॅकेज आधीच भरलंय, मग क्रूझवर बारवाल्यांना वेगळी टीप द्यायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको सात रात्रींच्या क्रूझवर चाललेत, दोघांचं ड्रिंक्स पॅकेज (दिवसाची ठरलेली रक्कम आधीच भरून बारमधली ड्रिंक्स घ्यायची सोय) घरूनच बुक केलंय आणि त्या बिलात १८ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे टीप, आधीच कापून झालीय. आता जहाजावर प्रत्येक ड्रिंकमागे परत डॉलर ठेवायचा का, नाही ठेवला तर सर्व्हिस नीट मिळेल का, आणि सहीसाठी जी स्लिप येते तिच्यावर टीपची रिकामी ओळ असते तिचं काय करायचं.

मी जहाजांवरच्या बारमध्ये बरीच वर्षं काढलीत. बर्फ आणि ग्लासांचे क्रेट ओढण्यापासून सुरुवात केली, मग काउंटरमागे उभा राहिलो, शेवटी शेवटी बारच्या ड्युट्या लावायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे हा पैसा कुठून येतो आणि कोणाच्या हातात पडतो हे दोन्ही बाजूंनी बघितलंय.

सरळ उत्तर आधी. टीप तुम्ही भरलेली आहे, तुम्ही कुणाचं काही देणं लागत नाही. ओळ रिकामी सोडून सही केलीत तर त्यात काही गैर नाही, बारवाल्याला माहीत असतं की तुमचं पॅकेज आहे. वर जे काही द्यावंसं वाटेल ते ड्रिंक मोजून नको, माणूस बघून द्या, शक्यतो रोख द्या, त्याच्या हातात द्या आणि शेवटच्या रात्रीपर्यंत थांबू नका.

आता का ते सांगतो, कारण हे कळलं नाही की रोज संध्याकाळी खिशात हात घालून माणूस अवघडून बसतो.

समजा पॅकेज माणशी दिवसाला ८० डॉलरला पडलं. त्याचे १८ टक्के म्हणजे १४ डॉलर ४० सेंट, सात दिवसांचे १०० डॉलर ८० सेंट, दोघांचे मिळून २०१ डॉलर ६० सेंट. दोनशे डॉलर टीप दिलीत तुम्ही, जहाजावर पाय ठेवायच्या आधी. लोकांना ते जाणवत नाही कारण बुकिंग करताना सगळं एका मोठ्या आकड्यात मिसळून जातं, कित्येकदा काही महिने आधी भरलेलं असतं, आणि चढेपर्यंत डोक्यात एवढंच उरतं की आपण बारमध्ये फुकट पितोय, मग फुकट पिताना मनाला लागतं. फुकट काही नाहीये. रॉयल कॅरिबियनमध्ये हा चार्ज १८ टक्के, नॉर्वेजियन आणि सेलिब्रिटीमध्ये २० टक्के. नॉर्वेजियनच्या ऑफरमध्ये तर ओपन बार, म्हणजे त्यांचं ड्रिंक्स पॅकेज, भाड्याबरोबर ‘फ्री’ मिळतो पण पॅकेजच्या छापील किमतीवरचे २० टक्के आधीच वसूल होतात, म्हणजे तिथे पॅकेज फुकट असलं तरी टीप तुमच्याच खिशातून गेलेली असते.

इथे एक घोळ नेहमी होतो तो आधीच सोडवून टाकतो. जहाजावर दोन वेगळ्या ग्रॅच्युइट्या असतात. एक ही ड्रिंक्सवरची, ती बारच्या बाजूची. दुसरी रोजची, माणशी दिवसाला मोठ्या कंपन्यांत साधारण १६ ते २० डॉलरच्या आसपास, स्वीटमध्ये, म्हणजे मोठ्या महागड्या खोलीत, असाल तर त्याहून जास्त, आणि ती जाते केबिन साफ करणाऱ्याला, जेवणाच्या हॉलमधल्या वेटरना आणि मागे जे लोक तुम्हाला दिसतच नाहीत त्यांना. काही प्रवासी पॅकेजवर १८ टक्के भरलेत म्हणून गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन रोजची ग्रॅच्युइटी काढून टाका म्हणतात, आणि वर सांगतात की आम्ही बारमध्ये रोख देतो की. कृपा करून असं करू नका. बारमध्ये ठेवलेल्या नोटेतलं तुमच्या खोलीच्या चादरी बदलणाऱ्याला काही मिळत नाही. काही जहाजांवर तर असाही नियम असतो की प्रवाशाने रोजची ग्रॅच्युइटी काढली असेल तर त्याने हातात दिलेली रोख टीपही स्टाफने सगळ्यांच्या सामायिक रकमेत जमा करायची, म्हणजे तुम्ही ज्याला खूश करायला गेलात त्याच्याही हातात ती राहत नाही.

आणि काही ठिकाणी हा प्रश्नच येत नाही. रीजंट, सिल्व्हरसी, सीबर्न या महागड्या कंपन्यांत दारू आणि टीप दोन्ही भाड्यातच असतात. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ पासून रोजची टीप लावणं बंद केलं. प्रिन्सेसच्या प्लस आणि प्रीमियर पॅकेजमध्ये ड्रिंक्ससोबत क्रू ॲप्रिसिएशनची, म्हणजे रोजच्या टीपची, रक्कमही आत धरलेली असते. तेव्हा निघायच्या आधी आपलं बुकिंगचं कन्फर्मेशन उघडून नीट वाचा, दहा मिनिटांचं काम आहे आणि आठवडाभराची घालमेल वाचते.

आता स्लिप. पॅकेजवर ड्रिंक मागवलं की तुमचं जहाजावरचं कार्ड टॅप होतं, मशीनमधून स्लिप निघते, तिच्यावर रक्कम शून्य असते आणि खाली जादा टीपसाठी एक ओळ. बऱ्याच जहाजांवर हल्ली स्लिप येतही नाही, आली तर ती ओळ सगळ्यांच्याच स्लिपवर असते, ज्यांचं पॅकेज नाही आणि ज्यांच्या बिलात १८ टक्के आपोआप लागलेत त्यांच्याही. छापील फॉर्मच तसा आहे, बारवाल्याने तुमच्यासाठी मुद्दाम मांडलेली नसते. ओळीवर आडवी रेघ मारा आणि सही करा. काही लिहायचं असेल तर तेही चालतं, ते पैसे तुमच्या जहाजावरच्या खात्यात लागतात आणि स्टाफला नंतर पगाराच्या हिशोबात मिळतात. मिळतात हे नक्की, पण रोखीची गोष्ट वेगळी असते, ती त्याच रात्री त्याच्या खिशात असते आणि पुढच्या बंदरावर उतरून घरी फोन करायला, पैसे पाठवायला, दाढीचं सामान घ्यायला कामी येते.

एक जागा मात्र लक्षात ठेवा. पॅकेजला प्रत्येक ड्रिंकची किंमतीची मर्यादा असते. समजा ती १४ डॉलर आहे आणि तुम्ही १६ डॉलरचं कॉकटेल मागितलं, तर बऱ्याच कंपन्यांत वरचे दोन डॉलर आणि त्या दोनवरची ग्रॅच्युइटी तेवढी लागते. काही ठिकाणी मर्यादेच्या वरचं ड्रिंक पॅकेजमध्ये अजिबात धरत नाहीत आणि पूर्ण पैसे लागतात. तेव्हा शून्याच्या जागी काही आकडा दिसला तर घाबरू नका आणि बारवाल्यावर चिडू नका, आधी विचारा. केबिनमधलं मिनीबारही बहुतेक पॅकेजांच्या बाहेर असतं.

आता माझ्या दृष्टीने मुद्द्याची गोष्ट. पॅकेजवरची ग्रॅच्युइटी ठरलेली रक्कम आहे. तुम्ही दिवसाला दोन बिअर प्यालात तरी तेवढीच आणि बारा कॉकटेल प्यालात तरी तेवढीच. आणि ती एका माणसाला जात नाही, बारच्या सगळ्या टीमच्या कमाईत जाते, कशी वाटायची ते कंपनी ठरवते. म्हणून ‘ड्रिंकमागे एक डॉलर’ हा जो हिशोब लोक जमिनीवरच्या बारमधून घेऊन येतात तो इथे बसत नाही. तिथे प्रत्येक ग्लासाचा व्यवहार वेगळा असतो. इथे ग्लासांचे पैसे सगळ्यांच्या नावाने भरून झालेत, राहिलं ते एवढंच की त्या टीममधल्या कुणी एकाने तुमच्यासाठी नुसत्या ग्लासापलीकडे काही केलं का. केलं असेल तर त्याला द्या. नसेल केलं तर नका देऊ, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

असं काही म्हणजे काय ते सांगतो. पूल डेकवर उन्हात ट्रे घेऊन फिरणारा वेटर असतो, त्याने दुसऱ्या दिवशी तुमच्या खुर्चीजवळ येऊन न विचारता बिनसाखरेचं लिंबू-सोडा ठेवलं कारण काल तुम्ही सांगितलं होतं की साखर चालत नाही. डायनिंगमधल्या सोमेलिएने, म्हणजे वाईन सुचवणाऱ्या वेटरने, पॅकेजमध्ये बसणारी वाईन स्वतःहून सुचवली, महागडी गळ्यात मारली नाही. बायको दारू पीत नाही म्हणून तिच्यासाठी बारवाल्याने दर संध्याकाळी वेगळं मॉकटेल करून दिलं. ही लक्ष देण्याची कामं आहेत आणि दिवसभरात शेकडो माणसं समोरून जात असताना ती करायला मन लागतं.

दोन माणसांना मात्र टीप जवळजवळ कधीच मिळत नाही आणि त्यांची आठवण मी मुद्दाम करून देतो. एक म्हणजे बार युटिलिटी, कोणी बारबॅक म्हणतात. बार भरलेला असतो, चार लाइनीत लोक उभे असतात आणि बर्फाच्या खोक्याजवळ एक ग्लास फुटतो. लोकांना वाटतं काच उचलली की झालं. तसं नसतं. काचेचा बारीक कण बर्फात गेला असेल तर डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो खोका पूर्ण रिकामा करायचा, गरम पाणी ओतून सगळा बर्फ वितळवायचा, आत हात फिरवून पुसायचा, तपासायचा आणि मग खालच्या मजल्यावरून नवीन बर्फ बादल्यांनी आणून भरायचा. हे सगळं गर्दीत, वाकून, बारटेंडरच्या पायात न येता. बारटेंडर तेव्हा शेजारच्या स्टेशनवरून बर्फ घेत हसत ड्रिंक देत असतो आणि टीपही त्यालाच मिळते. बारटेंडरला नोट देताना नुसतं ‘हे तुम्हा दोघांचं’ म्हणून मागच्या मुलाकडे मान वळवलीत तरी ती वाटली जाते, मी स्वतः तसं होताना कितीतरी वेळा बघितलंय. दुसरा म्हणजे सकाळचा कॉफी काउंटर. बहुतेक मोठ्या पॅकेजमध्ये स्पेशल कॉफी, ताजे ज्यूस, बाटलीबंद पाणी येतं, आणि तिथे पहाटेपासून लाते काढत उभी असलेली व्यक्तीही त्याच पेय विभागातली असते. कॉकटेलवाल्याला रात्री दहा डॉलर देणारा माणूस सकाळी तिच्याकडून रोज दोन कॉफ्या घेऊन जातो आणि त्याच्या डोक्यातही येत नाही.

कधी द्यायचं, यावर मी जरा हट्टी आहे. बहुतेक लोक शेवटच्या रात्रीसाठी पाकीट बाजूला काढून ठेवतात आणि त्या रात्री तो माणूस सापडत नाही. कारण बारच्या ड्युट्या फिरत्या असतात. पहिल्या संध्याकाळी एट्रियमच्या, म्हणजे मधल्या मोठ्या हॉलच्या, बारमध्ये भेटलेला माणूस चौथ्या दिवशी पूल डेकवर असेल, सहाव्या दिवशी थिएटरच्या लाउंजमध्ये. शिवाय विश्रांतीचे नियम असतात. मॅरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६ या जहाजावरच्या कामगारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे, जो २०१३ पासून लागू आहे, जहाजावरच्या माणसाला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्यायची पद्धत रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, बनवणाऱ्याला पाळावी लागते, त्यामुळे आज रात्री दोनपर्यंत बार सांभाळणारा उद्या दुपारीही दिसला नाही तर नवल नाही. त्यात शेवटची रात्र म्हणजे बाटल्यांची मोजणी, साफसफाई, दुसऱ्या दिवशी येणाऱ्या नव्या प्रवाशांची तयारी, कोणाकडे मान वर करायला वेळ नसतो. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे आवडलं त्याचं त्याच वेळी देऊन टाका, आणि कोणाला पुढे परत काही द्यायचं असेल तर शेवटून दुसऱ्या रात्री त्याला विचारून ठेवा की उद्या तुझी ड्युटी कुठे आहे. तो सांगतो.

बरेच जण पहिल्याच दिवशी, अजून एकही ड्रिंक घ्यायच्या आधी, वीस डॉलरची नोट दाखवून ठेवतात म्हणजे आठवडाभर सोय होईल. मला हे पटत नाही. आगाऊ दिलेली नोट हा सौदा होतो आणि मग देणारा पण हिशोब मागायला लागतो, मी वीस दिले आणि आज पाच मिनिटं थांबावं लागलं. काम झाल्यावर दिलेली पाचची नोट दोघांनाही जास्त आनंद देते.

किती, हा प्रश्न येणारच. याचा नियम नाही, माझं मत सांगतो. एखाददुसऱ्या वेळी भेटलेल्या वेटरने चांगलं केलं तर एक-दोन डॉलर. ज्याच्या बारवर रोज संध्याकाळी बसता त्याला मधल्या दिवसांत पाच आणि निघताना दहा. सोमेलिए किंवा पूल डेकवरचा तुमचा नेहमीचा वेटर असेल तर पाच-दहा. सात रात्रींत दोघांचे मिळून बारच्या लोकांसाठी वरचे तीस-चाळीस डॉलर गेले तर तुम्ही मोकळ्या हाताने दिलं असं मी म्हणेन. बजेट ताणून आला असाल तर शून्य दिलंत तरी चालेल, खरंच चालेल, त्या २०१ डॉलरमध्ये तुमचा वाटा आलाय.

नोटा घरून निघतानाच सुट्या करून घ्या, एक आणि पाचच्या. गेस्ट सर्व्हिसेसवर सुटे मिळतात पण पहिल्या दोन दिवसांत तिथे रांग असते. जहाजाचा व्यवहार ज्या चलनात आहे त्याच चलनात द्या, डॉलर तर डॉलर, युरो तर युरो. भलत्याच देशाची नाणी देऊ नका, नाणी बदलून देणारं काउंटर सहसा सापडत नाही आणि ती बिचाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये पडून राहतात. फाटकी, पेनने लिहिलेली, चिकटपट्टी लावलेली डॉलरची नोटही नको, तुमच्याकडून तो हसून घेईल पण त्याच्या देशातला मनी चेंजर घेणार नाही.

आता न दिलं तर सर्व्हिस बिघडते का, यावर खरं बोलतो. गर्दीच्या वेळी ओळखीच्या चेहऱ्याकडे हात आधी जातो, माणूस आहे तो. पण चेहरा ओळखीचा होतो तो फक्त पैशाने नाही. नेमप्लेटवर नाव असतं, ते वाचून नावाने हाक मारणारा, काय हवंय ते आधी ठरवून येणारा, रिकामा ग्लास काउंटरवर पुढे सरकवून ठेवणारा, थँक यू म्हणणारा प्रवासी आम्हाला दुसऱ्या दिवशी लक्षात असायचा, त्याने कधी नोट काढली नसली तरी. बोटांनी टिचक्या वाजवून बोलावणारा पण लक्षात राहायचा आणि त्याची नोट कितीची होती ते कोणी सांगत नसे.

एक गोष्ट मात्र टीपच्या मोबदल्यात कधी मागू नका. पेग जरा मोठा टाक, हे. दारूची मोजणी होते, बाटलीतून किती गेली आणि मशीनवर किती विकली याचा मेळ बसावा लागतो, बसला नाही तर त्याला जबाब द्यावा लागतो. तसंच आपल्या पॅकेजवर दुसऱ्याला पाजणं. म्हणूनच बहुतेक कंपन्या एका केबिनमधल्या सगळ्या मोठ्या माणसांना पॅकेज घ्यायला लावतात, एका वेळी एकच ड्रिंक देतात, कार्निव्हलमध्ये तर दोन ड्रिंकमध्ये पाच मिनिटं जावी लागतात आणि चोवीस तासांत पंधरा अल्कोहोलिक ड्रिंकची मर्यादा आहे. तुम्ही बायकोच्या बहिणीसाठी तुमच्या कार्डावर ग्लास नेलात आणि ते कॅमेऱ्यात आलं तर पॅकेज तुमचं जाऊ शकतं, पण देणाऱ्यालाही बोलावून विचारतात. आणि आता बास, म्हणून त्याने थांबवलं तर वाद घालू नका, जास्त झालेल्या माणसाला आणखी न देणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे.

पैशाइतकीच, कधीकधी पैशापेक्षा जास्त किंमतीची एक गोष्ट फुकट देता येते ती म्हणजे नाव. परत आल्यावर कंपनीचा सर्व्हे ईमेलवर येतो, बहुतेक लोक पुसून टाकतात. तो उघडा आणि त्यात त्या माणसाचं नाव, कुठला बार आणि त्याने नेमकं काय केलं हे दोन ओळींत लिहा. ‘स्टाफ छान होता’ असं लिहिलेलं कोणाच्याच खात्यात जमा होत नाही, नाव घेऊन लिहिलेलं मॅनेजरपर्यंत जातं, मीटिंगमध्ये वाचलं जातं आणि पुढचं कॉन्ट्रॅक्ट, बढती, चांगल्या बारवर ड्युटी या सगळ्यात मोजलं जातं. रोस्टर बनवताना अशी नावं माझ्या टेबलावर यायची आणि ज्याचं नाव सारखं येतंय त्याला मी संध्याकाळची चांगली जागा द्यायचो. त्यासाठी जहाजावर असतानाच नेमप्लेटवरचं नाव स्पेलिंगसकट फोनमध्ये टिपून ठेवा, फोटो काढायचा तर त्याला विचारून काढा, कारण घरी पोचेपर्यंत नाव विसरतं आणि एकाच नावाचे तीन जण एका बार टीममध्ये असू शकतात, म्हणून देशाचं नावही लिहा, ते पण नेमप्लेटवर असतं.